एका घराला पहारेकरी किती? घरच्या संगणकावरील सुरक्षा प्रोग्रामांविषयी

मागच्या पाठात आपण नेट बँकिंगचा पासवर्ड कसा ठेवावा हे पाहिले. पासवर्ड कितीही चांगला असला तरी तो ज्या संगणकावर टाइप होतो तो संगणक निरोगी हवा. म्हणून या पाठात घरच्या संगणकाकडे वळू. प्रश्न साधा आहे आणि शाखेत तो वारंवार विचारला जातो: "माझ्याकडे दोन अँटिव्हायरस आहेत. म्हणजे मी दुप्पट सुरक्षित आहे ना?"

उत्तर आहे, नाही. बहुतेक वेळा तुम्ही एकच चांगला प्रोग्राम ठेवणाऱ्यापेक्षा कमी सुरक्षित असता. असे का, आणि मग घरात नेमके काय ठेवावे, हे या पाठात क्रमाने पाहू. तुमची मुदत ठेव, पेन्शनचे खाते, म्युच्युअल फंडाचा फोलिओ आणि आधारशी जोडलेला ईमेल हे सगळे याच यंत्रातून उघडले जाते. त्यामुळे हा विषय केवळ संगणकाची हौस असलेल्यांचा नाही.

१. दोन प्रोग्राम घरात येतात कसे

सहसा कोणी बसून, विचार करून दोन अँटिव्हायरस बसवत नाही. ते आपोआप जमा होतात. नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात एका कंपनीचा प्रोग्राम काही दिवसांसाठी मोफत टाकलेला होता. त्याची मुदत संपली, पण तो काढला कोणी नाही. सीपरी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकताना स्वतःकडची एक सीडी चालवली. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाने ऑनलाइन पैसे भरून तिसरा बसवला आणि "बाबा, आता काळजी नको" असे सांगून तो गेला. मध्येच कधीतरी एक मोफत फाइल उतरवताना 'संगणक स्वच्छ करा, वेग वाढवा' म्हणणारा चौथा प्रोग्रामही सोबत आला.

आपल्या झाशीतल्या अनेक मराठी घरांत मुले नोकरीसाठी बाहेरगावी आहेत आणि संगणक आईवडील वापरतात. तिथे हे फार घडते. प्रत्येकाने काळजीपोटीच काहीतरी बसवलेले असते, पण एकूण काय बसले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. बँकेत आपण खात्यांची यादी ठेवायला सांगतो, तशीच यादी इथेही हवी.

२. आत नेमके काय घडते

अँटिव्हायरसची कामे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे कायमचा पहारा. तुम्ही कोणतीही फाइल उघडली, पेन ड्राइव्ह लावला किंवा ईमेलमधले जोडपत्र उतरवले की विंडोज आधी या पहारेकऱ्याला विचारते, "हे आत सोडू का?" तो तपासतो आणि मग फाइल उघडते. दुसरा प्रकार म्हणजे बोलावल्यावर तपासणी. तुम्ही बटण दाबता, प्रोग्राम संपूर्ण डिस्क तपासतो, अहवाल देतो आणि थांबतो.

गोंधळ होतो तो पहिल्या प्रकारचे दोन प्रोग्राम एकत्र ठेवल्यावर. कसा ते पाहा.

समजा, तुम्ही पासबुकाची पीडीएफ उघडली. पहिला पहारेकरी ती तपासण्यासाठी आधी स्वतः उघडतो. दुसऱ्याला दिसते की कोणीतरी फाइल उघडतो आहे, म्हणून तोही ती तपासायला धावतो. एकाच फाइलची तपासणी दोनदा होते. कधी दोघेही एकमेकांचे काम संपण्याची वाट पाहत बसतात आणि पडदा गोठतो. मेमरी ४ जीबी आणि डिस्क जुन्या पद्धतीची फिरणारी असेल तर हे लगेच जाणवते: माउस हलतो, पण काहीच उघडत नाही.

दुसरी अडचण ओळखीची आहे. अँटिव्हायरसकडे ज्ञात व्हायरसांच्या खुणांचा साठा असतो, आणि पकडलेल्या फाइली ठेवायला एक बंद कोठडी असते. दुसऱ्या प्रोग्रामला त्या साठ्यात किंवा त्या कोठडीत व्हायरसच दिसू शकतो. मग तो पहिल्यालाच गुन्हेगार समजून इशारे देतो. घरात व्हायरस नसताना रोज लाल पाटी दिसते. पोलिसांनी चोराच्या फोटोंचा अल्बम बाळगला म्हणून दुसऱ्या पोलिसांनी त्यांनाच धरावे, तसा हा प्रकार.

तिसरी अडचण वेबसाइटच्या तपासणीची आहे, आणि आपल्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. बँकेचे पान तुमच्या संगणकापर्यंत कुलूपबंद येते. काही सुरक्षा प्रोग्राम तपासणीसाठी ते कुलूप मध्येच उघडतात आणि स्वतःचे प्रमाणपत्र लावून पुन्हा बंद करतात. एकाने केले तर सहसा निभावते. दोघांनी केले तर ब्राउझर गोंधळतो आणि 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दाखवतो. पान अर्धेच उघडते, किंवा पैसे पाठवण्याच्या मधल्या टप्प्यावर अडकते.

हे प्रोग्राम संगणकाच्या किती खोलवर बसतात, याची दोन उदाहरणे सर्वांसमोर घडली आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले अनेक संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. या दोन्ही वेळी चूक एकाच पहारेकऱ्याची होती. इतक्या खोलवर दोघांना बसवले तर बिघाडाची शक्यता वाढते, हे समजायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

३. बचतदाराचे नुकसान कुठे होते

संगणक हळू चालतो, हा त्रास आहे, नुकसान नव्हे. खरे नुकसान तीन ठिकाणी होते.

पहिले, इशाऱ्यांची सवय. रोज दहा वेळा खोटा इशारा आला की माणूस वाचणे सोडतो आणि 'पुढे जा' दाबतो. ज्या दिवशी बँकेच्या नावाचे बनावट पान उघडते आणि ब्राउझर खरा इशारा देतो, त्या दिवशीही बोट आपोआप 'पुढे जा'वरच जाते. खोट्या इशाऱ्यांची किंमत अशी एकदम वसूल होते.

दुसरे, पहारा बंद करण्याची सवय. "साइट उघडत नाही ना, मग अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा" असा सल्ला कोणीतरी देते. बंद केलेले पुन्हा चालू करायचे राहून जाते. दोन प्रोग्राम बसवलेल्या घरात शेवटी एकही चालू नसतो, अशी वेळ येते.

तिसरे, अर्धवट व्यवहार. पैसे पाठवताना पान अडकले की घाबरून तेच पुन्हा पाठवले जाते आणि एका बिलाचे दोनदा पैसे जातात. असे झाले तर आधी थांबा. मोबाइलवरचा संदेश किंवा खात्याचे विवरण पाहा. रक्कम वजा झाली नसेल तरच पुन्हा पाठवा. आयएमपीएसमध्ये रक्कम वजा झाली आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवलेली आहे. म्हणून व्यवहार क्रमांक टिपून ठेवा.

४. मग एकत्र काय चालते

'एकच ठेवा' याचा अर्थ 'एकाच गोष्टीवर विसंबा' असा नाही. घराला दार एक, पण कडी, दिवा, शेजार आणि बँकेतले लॉकर हे सगळे असतेच. त्यांची कामे वेगवेगळी असतात म्हणून ती एकमेकांना आड येत नाहीत. हाच नियम इथे लावा: एका कामाला एकच प्रोग्राम.

कायमच्या पहाऱ्यासाठी एक अँटिव्हायरस. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवला आणि त्याने विंडोजकडे रीतसर नोंद केली, की डिफेंडर स्वतःचा कायमचा पहारा थांबवतो. त्यामुळे 'डिफेंडर आणि एक विकतचा' ही जोडी सहसा भांडत नाही. भांडतात ते बाहेरून आणलेले दोन.

फायरवॉल एकच. संगणकात येणारी-जाणारी इंटरनेटची वाहतूक ती पाहते. विंडोजची स्वतःची फायरवॉल घरगुती वापराला पुरेशी आहे. अँटिव्हायरससोबत दुसरी आली असेल तर तीच राहू द्या, पण तिसरी आणू नका.

दुसरे मत देणारा तपासनीस. डॉक्टरांचे दुसरे मत आपण रोज घेत नाही, शंका आली तर घेतो. तसे बोलावल्यावरच तपासणारे प्रोग्राम पहिल्यासोबत निर्धास्त चालतात. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर या प्रकारचा आहे. तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, मग ताजी प्रत घ्यावी लागते. डिफेंडरमध्येही 'पीरियॉडिक स्कॅनिंग' ही सोय आहे. ती चालू केली तर दुसरा अँटिव्हायरस पहाऱ्यावर असतानाही डिफेंडर अधूनमधून तपासणी करतो आणि बाकी वेळ गप्प बसतो. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही बॉट काढून टाकणारी साधने मोफत मिळतात. हे केंद्र सर्ट-इन ही संस्था चालवते आणि ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले.

अपडेट. याला पर्याय नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. त्याने ज्या भोकातून शिरकाव केला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांचे दार त्याला बंद होते. दुसऱ्या अँटिव्हायरसवर खर्च करण्यापेक्षा अपडेटच्या एका बटणाचा उपयोग मोठा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात घ्या. तुमच्या यंत्रावर अजून तेच असेल तर सुरक्षा अपडेट मिळत आहेत का हे आधी पाहा. मिळत नसतील तर त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नका.

शेवटी, नक्कल. फोटो, विमा पॉलिसी, आयकर विवरणे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्याही हाताशी असते.

५. कोणता निवडावा

ही पुस्तिका कोणत्याही कंपनीची शिफारस करत नाही. पण निवड कशी करावी यासाठी थोडी माहिती उपयोगी पडेल.

आपल्या देशात अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक ठळक नाव मराठी घरातले आहे. पुण्यात कैलाश काटकर यांनी कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे दुकान चालवले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमध्ये व्हायरस सापडू लागले आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील तयार झाले. २००७ मध्ये कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. मुंबईचे ईस्कॅन आणि चेन्नईचे के-सेव्हन हीही भारतीय नावे आहेत. या सुरुवातीतून एक गोष्ट शिकावी: अँटिव्हायरस ही दुरुस्ती आणि देखभालीची सेवा आहे. एकदा विकत घेऊन ठेवायची वस्तू ती नाही. रोजच्या नव्या खुणा मिळाल्या नाहीत तर कालचा पहारेकरी आजच्या चोराला ओळखत नाही.

म्हणून निवडताना तीनच प्रश्न विचारा. अपडेट रोज येतात का? माझ्या यंत्रावर तो हलका चालतो का? अडचण आली तर मला समजेल अशा भाषेत मदत मिळते का? डिफेंडर चालू आहे, अपडेट वेळेवर होतात आणि वापर बँक, ईमेल व बातम्या इतकाच आहे, तर विकतचा घेतला नाही तरी चालते. घरात मुले गेम उतरवतात किंवा अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात, तर विकतच्यातल्या जादा सोयी कामाच्या ठरू शकतात. मात्र कोणाच्याही सांगण्यावरून 'क्रॅक' केलेली प्रत घेऊ नका. कुलूप फोडून देणाऱ्याकडून कुलूप विकत घेण्यात काय शहाणपण?

६. घर आवरण्याची पद्धत

एका निवांत दुपारी पुढील पायऱ्यांनी काम करा. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, हे ध्यानात घ्या. प्रोग्राम काढण्याच्या मध्येच वीज गेली तर तो अर्धवट राहतो आणि मग काढणे कठीण होते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालू आहे ना ते पाहा.

१. महत्त्वाच्या फाइलींची नक्कल घ्या.

२. वही घेऊन यादी करा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा आणि नावात अँटिव्हायरस, सिक्युरिटी, क्लीनर, बूस्टर असे शब्द असलेले सगळे लिहून काढा. प्रत्येकापुढे कोणी बसवला आणि मुदत कधी संपते ते लिहा.

३. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. त्यात 'सेटिंग्ज' आणि पुढे 'मॅनेज प्रोव्हायडर्स' इथे विंडोजच्या नोंदीप्रमाणे कोण पहाऱ्यावर आहे ते दिसते. वहीतली यादी त्याच्याशी ताडून पाहा.

४. एक ठरवा. जो ठेवायचा त्याची लायसन्स की आणि पावती जपून ठेवा.

५. बाकीचे एकेक करून काढा. प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू करा. काहींचे अवशेष मागे राहतात. ते काढायला बहुतेक कंपन्या स्वतंत्र साधन देतात. ते त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रातला पहिला दुवा जाहिरातीचा असू शकतो.

६. मुदत संपलेला प्रोग्राम काढल्यावर डिफेंडर खरोखर चालू झाला का, ते स्वतः पाहा. गृहीत धरू नका.

७. पहारा जागा आहे का ते तपासा. यासाठी 'ईकार' नावाची एक चाचणी फाइल आहे. तिच्यात व्हायरस नाही, पण सर्व अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला चाचणीपुरते व्हायरस मानायचे ठरवले आहे. ती उतरवताना तुमच्या प्रोग्रामने अडवले तर तो जागा आहे.

८. रात्री संपूर्ण तपासणी लावून ठेवा.

हे सगळे पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचे पान उघडू नका. तपासणीत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला, तर तो काढल्यावर दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून सगळे पासवर्ड बदला. आधी ईमेलचा आणि मग बँकेचा, कारण बँकेचा नवा पासवर्ड ईमेलवरूनही मागता येतो.

७. खर्चाचा हिशेब

समजा, दुसऱ्या, नको असलेल्या प्रोग्रामसाठी तुम्ही वर्षाला ९०० रुपये भरता. दहा वर्षांत ९,००० रुपये होतात. हेच ९०० रुपये दर वर्षाच्या सुरुवातीला साडेसहा टक्के चक्रवाढ व्याजाने गुंतवले, तर दहा वर्षांनी सुमारे १२,९०० रुपये हातात येतात. रक्कम लहान आहे, पण ती संगणक हळू करण्यासाठी खर्च होत होती हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. ऑनलाइन घेतलेले प्रोग्राम अनेकदा कार्डावर आपोआप नूतनीकरण लावून ठेवतात. अशा आवर्ती वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तो संदेश वाचा. प्रोग्राम संगणकावरून काढला म्हणजे वजावट थांबली असे होत नाही. ती कंपनीच्या खात्यात किंवा बँकेत जाऊन वेगळी रद्द करावी लागते.

८. जिथे पहारेकरी हतबल असतो

आता सर्वांत महत्त्वाचे. अँटिव्हायरस संगणकात शिरणाऱ्या प्रोग्रामला अडवतो. तुम्ही स्वतः दिलेला ओटीपी तो अडवू शकत नाही.

अँटिव्हायरसच्याच नावाने होणारी फसवणूक नीट ओळखून ठेवा. ब्राउझरवर मोठा आवाज होतो, पडदाभर लाल पाटी येते: 'तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा.' खरा अँटिव्हायरस अशा पाटीवर फोन नंबर देऊन घाई करत नाही. फोन केला की पलीकडचा माणूस मदतीच्या नावाखाली एनीडेस्कसारखे ॲप बसवायला सांगतो. ते ॲप स्वतः बेकायदा नाही. कार्यालयांत ते रोज वापरले जाते. पण त्याचा नऊ-दहा अंकी क्रमांक अनोळखी माणसाला दिला की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबद्दल सावध केले होते.

अशी पाटी आली तर फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. जमले नाही तर सरळ संगणक बंद करा.

दुसरा प्रकार नूतनीकरणाचा. 'तुमच्या अँटिव्हायरसचे पैसे कापले गेले, परतावा हवा असेल तर फोन करा' असा ईमेल येतो. तुमच्या वहीत एकाच प्रोग्रामचे नाव आणि मुदतीची तारीख लिहिलेली असेल, तर असा ईमेल खोटा आहे हे एका नजरेत कळते. चार प्रोग्राम असलेल्या घरात मात्र 'असेल बाबा एखादा' असे वाटून जाते आणि फोन लावला जातो. एकच प्रोग्राम ठेवण्याचा हा फायदा कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही.

९. तरीही पैसे गेले तर

धोका बँकेच्या बाजूलाही असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. तो फटका बँकेला बसला. पण तुमच्या घरातून, तुमच्या पासवर्डने पैसे गेले तर गोष्ट वेगळी होते. म्हणून नियम माहीत असू द्या.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तुम्ही बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत दिली, तर तुमच्यावर काहीही भार येत नाही. ४ ते ७ दिवसांत दिली तर साधारण बचत खात्यासाठी भार जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत आणि मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत राहतो. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे ठरते. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच कोणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेची जबाबदारी. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. म्हणून लाज वाटून गप्प बसू नका. तास न् तास मोलाचा असतो.

क्रम असा ठेवा: आधी बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करून खाते आणि कार्ड थांबवा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या. नंतर लेखी तक्रार शाखेत द्या आणि पोच घ्या. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, शोधयंत्रातून नको.

एक गैरसमज इथेच दूर करू. ठेवींवरचा ५ लाख रुपयांचा विमा बँक बुडाल्यास लागू होतो. फसवणुकीत गेलेल्या पैशांना तो लागू होत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या संगणकावर कायमचा पहारा देणारे किती प्रोग्राम आहेत? वहीत नावे लिहा.

२. विकतचा अँटिव्हायरस आणि बोलावल्यावर तपासणारा स्कॅनर एकत्र ठेवता येतात का? कारण एका वाक्यात लिहा.

३. बँकेचे पान उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला. तुम्ही आधी काय कराल?

४. तुमच्या कार्डावर एखाद्या प्रोग्रामचे आपोआप नूतनीकरण लागले आहे का? बँकेच्या ॲपमध्ये शोधा.

उत्तरांसाठी खुणा: दुसऱ्याचे उत्तर होय, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. तिसऱ्याचे उत्तर: पुढे न जाता पान बंद करणे, पत्ता स्वतः टाइप करून पुन्हा पाहणे, आणि तरीही इशारा आला तर त्या यंत्रावर व्यवहार न करणे. पहिल्याचे उत्तर एकापेक्षा जास्त असेल, तर येत्या रविवारी सहावा भाग समोर ठेवून कामाला लागा. बाहेरगावी असलेल्या मुलामुलींना फोनवर बोलवा, वही त्यांनाही वाचून दाखवा आणि घरात पुढे काही बसवण्याआधी त्या वहीत नोंद होईल, एवढे सगळ्यांनी मिळून ठरवा.